सिल्ल्यांची नोंद

पहिल्या दिवशी तीन होत्या.
पोटं वर, पाय आखडलेले,
कमळाच्या वाळक्या देठांत अडकून
धुवारीत हलत होत्या पाण्याबरोबर.
मला वाटलं, कुणाची चप्पल तरंगते आहे.

डोंगा जवळ नेला.
वल्ह्यानं एकीला उलटवलं.
डोळा उघडा. रक्त नाही, छर्रा नाही, फास नाही,
पंख तेल लावल्यासारखे नीट.
जाळ्यात त्या दिवशी अकरा किलो आले.
मी कुणाला काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी नऊ,
आणि एक ढोकरी, पाळीवर, मान पोटात खुपसून.
झोपल्यासारखी नाही. मेल्यासारखीच.

सायत्रा म्हणाली, पुरून टाका, बोभाटा कायले?
सोसायटीचे अध्यक्ष म्हणाले, पतिराम,
तलावाचं नाव निघालं त रोहू कोन घेईल?
साकोलीचा बाजार परवा हाय.
भावजयीच्या बावीस कोंबड्या खुराड्यात,
ती तर हात जोडूनच आली.
पांढऱ्या कपड्यातली मानसं येतात म्हने,
पोत्यात भरतात, जित्याच.

सगळ्यांचं खरं होतं.
माझंही पोट त्याच पाण्यावर.

तरी मी फोन लावला.
का लावला, ते नीट सांगता येत नाही.
शाळेच्या भिंतीवर नंबर होता, निळ्या रंगात,
दोन आकडे चुन्याखाली गेलेले,
ते प्रणालीनं, माझ्या लेकीनं, अंदाजानं भरले.
तिसऱ्या खेपेला लागला.

पलीकडची बाई कागदावरून विचारत होती.
नाव?
पतिराम सोमा मारबते.
तुमचं झालं, पक्ष्याचं?
सिल्ली.
यादीत नाही, म्हणाली. दुसरं काही म्हणता का?
मी सांगितलं, तांबूस असते,
रात्री उडताना शीळ घालते,
धान निघालं की बांधीत उतरते,
बाप म्हणायचा, सिल्ली परतली
की उठायचं, जाळं ओढायचं.
ती थांबली जरा.
मग म्हणाली, "इतर" लिहिते.
मृत्यूचं कारण?
तेच त विचारून राहिलो बाई.

संध्याकाळी पट्टीबंधक लिल्हारे आले मोटरसायकलवर.
हातमोजे एकच जोड, थर्माकोलचा डबा,
बर्फ नव्हता.
बर्फ माझ्याकडे होता,
मासळीचा, बाजारासाठी आणलेला.
त्यात निजवल्या तीन सिल्ल्या, एक ढोकरी,
वर चिठ्ठी: तलाव, गाव, तारीख, हात लावू नये.
सायत्रा दारातून पाहत होती.
आत गेली,
नवा साबण कागद फाडून आणला आणि दगडावर ठेवला.

बाकीच्यांसाठी पाळीपलीकडे खड्डा केला आम्ही दोघांनी,
कमरेइतका, चुना टाकून.
मग हात धुऊन मोहाखाली बसलो, बिडी ओढली.
लिल्हारे म्हणाले, तीन वर्षं झाली, बदली अडकून आहे.
मी काय बोलणार.

त्या बाजारी रोहू किलोमागे वीस रुपये कमी गेला.
अध्यक्षांनी महिनाभर तोंड फिरवलं.
पांढऱ्या कपड्यातलं कुणी आलं नाही.
बावीसच्या एकवीस झाल्या, पण ते मुंगसाचं काम.

कागद आला होळीनंतर.
अर्धा इंग्रजीत. प्रणालीनं बोट ठेवून वाचला.
रोग आढळला नाही.
विषाच्या तपासणीस नमुना अपुरा.
कारण अनिश्चित.
म्हणजे? सायत्रानं विचारलं.
म्हणजे त्यायलेही मालूम नाही.

मागे माझ्या फोनच्या नोंदीची झेरॉक्स जोडली होती.
काळपट, कोपरा कापलेली.
पक्ष्याच्या नावापुढचं "इतर" कुणीतरी खोडलं होतं,
वर बारीक अक्षरात: सिल्ली.
आणि कंसात, तांबूस, रात्री शीळ घालते.
बापाचं नव्हतं लिहिलं. तेवढी जागा नसेल.

आता रोज पाळीवरून एक फेरी मारतो.
प्रणालीची जुनी वही आहे, गणिताची, मागची पानं कोरी.
काही दिसलं नाही तरी लिहा, लिल्हारे म्हणाले,
शून्यही लागतो वर.
काल शून्य.
आज शून्य, दोन जित्या, दूर.
परवा गारा पडल्या, गेलो नाही.